तीन लाख गोरिला ‘अतिसंकटग्रस्त’ आणि हजारच ‘संकटग्रस्त’, हे कसे?

निळावंती:
नमस्कार. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेले दोन नर गोरिला तिथे आहेत, आणि माझी अकरा वर्षांची मुलगी त्यांच्यासमोरून हलायला तयार नव्हती. घरी आल्यावर तिच्यासाठी म्हणून वाचायला बसले आणि एका ठिकाणी अडले. मैसूरचे गोरिला ज्या उपप्रजातीचे आहेत, त्या पश्चिमी सखल प्रदेशातल्या गोरिलांची २०१३ मधील संख्या सुमारे ३,६०,००० असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमाभागात राहणारे पर्वतीय गोरिला मात्र २०१५-१६ आणि २०१८ च्या गणनांची बेरीज केली तरी १,०६३ च भरतात. असे असूनही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत पहिले ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत, तर दुसऱ्यांना २०१८ मध्ये त्या वर्गातून काढून एक पायरी सौम्य अशा ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवण्यात आले. यादी करताना उलटापालट झाली असावी, असे मुलीचे म्हणणे आहे. मला तसे वाटत नाही, पण तिला पटेल असे उत्तरही माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा. शिवाय पायरी सुधारली म्हणजे पर्वतीय गोरिलांवरचे संकट टळले, असे समजायचे का?

आकडेमोड:
उलटापालट झालेली नाही, पण मुलीची शंका अगदी रास्त आहे. लाल यादी केवळ डोकी मोजून थांबत नाही. संख्या किती वेगाने घटते आहे हेही ती पाहते, आणि तो वेग त्या प्राण्याच्या पिढ्यांच्या हिशेबाने मोजते. गोरिलाची एक पिढी साधारण २२ वर्षांची धरतात. मादीला पहिले पिल्लू दहाव्या वर्षाच्या आसपास होते आणि पुढच्या पिल्लासाठी सुमारे चार वर्षे जातात, त्यामुळे एकदा झालेली हानी भरून यायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते. तीन पिढ्यांत, म्हणजे सुमारे ६६ वर्षांत, संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटणार असेल, तर तो प्राणी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरतो, मग आज तो लाखांनी का असेना. उलट पर्वतीय गोरिला थोडे असले तरी वाढत आहेत, म्हणून त्यांचा वर्ग सौम्य झाला.

पश्चिमी सखल प्रदेशातल्या गोरिलांची संख्या २००५ ते २०१३ या काळात दरवर्षी २.७ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु बँकेतल्या ठेवीचे चक्रवाढ गणित उलट्या दिशेने चालवून पाहा, म्हणजे ६६ वर्षांनी मूळ मुदलाचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो हे ध्यानात येईल. मुलीला हेच गणित स्वतः करायला द्यावे, असे सुचवतो.

घटीची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. लाकूडतोडीसाठी जंगलात रस्ते जातात, त्याच रस्त्यांनी शिकारी आत पोहोचतात आणि मांस शहरांच्या बाजारात येते. या गोरिलांपैकी सुमारे ८० टक्के संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहतात, म्हणजे त्यांच्यामागे वनरक्षक नाही. त्यात इबोलाची भर पडली. २००२-०३ मध्ये काँगो प्रजासत्ताकातील लोसी अभयारण्य आणि त्याच्या आसपास या साथीने सुमारे ५,००० गोरिला दगावले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. शिकाऱ्याला अडवता तरी येते. घनदाट जंगलात कळपाकळपांतून पसरणाऱ्या विषाणूला कोण अडवणार?

अवांतर: उरलेल्या दोन्ही उपप्रजातीही ‘अतिसंकटग्रस्त’च आहेत. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तर तीनशेच्या आतबाहेर उरले आहेत. पूर्व काँगोतल्या ग्रॉअर गोरिलांचे अंदाज १९९० च्या दशकातील सुमारे १६,९०० वरून २०१६ मध्ये ३,८०० पर्यंत खाली आले होते. नंतरच्या सर्वेक्षणात ६,८०० हा आकडा आला, पण तो अधिक प्रदेश पाहता आल्यामुळे. मधल्या काळात पिल्ले वाढली म्हणून नव्हे. त्या भागातल्या बेकायदा खाणींतून कोल्टन हे खनिज निघते आणि त्यातला टँटलम हा धातू आपल्या मोबाइलमध्ये असतो.

कंपालावासी:
मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे युगांडात आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. विरुंगा ज्वालामुखी पर्वतांच्या परिसरात १९८१ मध्ये अवघे २५४ गोरिला उरल्याचा अंदाज होता; २०१५-१६ च्या गणनेत तिथे ६०४ भरले. बाकीचे ४५९ युगांडातील ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतील साराम्ब्वे जंगलात आहेत. ही वाढ जंगल कुलूपबंद केल्यामुळे झालेली नाही. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडात कारिसोके संशोधन केंद्र सुरू केले, तेव्हापासून काही कळपांना माणसांच्या उपस्थितीची सवय लावण्यात आली आणि आज अशा प्रत्येक कळपामागे रोज माणसे चालत असतात. २०११ च्या एका अभ्यासात विरुंगातले असे सवयीचे कळप दरवर्षी ४.१ टक्क्यांनी वाढत असल्याचे, तर माणसांपासून दूर राहिलेले कळप ०.७ टक्क्याने घटत असल्याचे दिसले होते. ‘निसर्गाला एकटे सोडा, तो सावरेल’ असे आपण सहज म्हणतो. इथे मात्र ज्यांना एकटे सोडले तेच कमी झाले.

यात पशुवैद्यांचा वाटा मोठा आहे. हरणांसाठी लावलेल्या फासक्यांत गोरिलांचे हातपाय अडकतात. तेव्हा डॉक्टर डोंगर चढून जातात, जनावराला जागीच बेशुद्ध करतात आणि फास कापून जखमेवर उपचार करतात. वन्य प्राण्यांच्या बाबतीत एकेका जिवावर असा खर्च क्वचितच होतो.

मी स्वतः २०२२ मध्ये ब्विंडीला गेलो होतो. सकाळी सूचना देताना वाटाड्याने आमच्यातल्या एकाला शिंकताना पाहिले आणि त्याला तिथूनच परत पाठवले. त्याने भरपूर वाद घातला, पण चालले नाही, आणि ते योग्यच झाले, कारण आपली साधी सर्दी गोरिलाच्या पिल्लाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. एका कळपाकडे दिवसाला आठच पर्यटक जातात, तोंडाला मास्क लावून, ठरलेले अंतर राखून, आणि तेही एकच तास. आग्या वनस्पतींतून चार तास चढल्यावर तो तास किती लवकर संपतो, ते सांगता येत नाही. परवाना आता युगांडात ८०० डॉलरचा आणि रवांडात १,५०० डॉलरचा आहे. रवांडा पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा उद्यानांलगतच्या गावांना देते. मात्र १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा ज्यांना जंगलातून बाहेर काढण्यात आले, त्या बाट्वा लोकांच्या पदरात यातले फारच थोडे पडले आहे. ते आजही परक्याच्या जमिनीवर मजुरी करताना दिसतात. या यशाची गोष्ट सांगताना ही बाजू वगळली जाते, याची मला खंत वाटते.

निळावंती:
दोघांचेही मनापासून आभार. चक्रवाढीचे गणित मुलीने वहीत करून पाहिले. तिचे उत्तर १६ टक्के आले. पण मग सगळी भिस्त पर्यटकांच्या पैशावर असेल आणि पर्यटकच आले नाहीत, तर काय? आणि तिचा नवा प्रश्न: पर्वतीय गोरिला कोणत्या प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळतील?

माळरान:
पर्यटक न येण्याचा प्रसंग २०२० मध्ये आलाच होता. टाळेबंदीत उत्पन्न थांबले, गावांतली मजुरी थांबली आणि फासक्या वाढल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ब्विंडीतील न्कुरिंगो कळपाचा म्होरक्या, रुपेरी पाठीचा नर राफिकी, भाल्याने मारला गेला. मारणारा छोट्या जनावरांच्या शिकारीला निघालेला गावकरी होता. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. काँगोच्या बाजूला तर पैशाइतकाच बंदुकीचा प्रश्न आहे. विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आजवर २०० हून अधिक वनरक्षक मारले गेले आहेत. म्हणून ‘संकट टळले का’ या प्रश्नाला माझे उत्तर नाही असेच आहे. पहारा चालू आहे तोवर संख्या वाढते आहे, इतकेच म्हणता येईल.

वाढीतूनही नवी अडचण उभी राहिली आहे. विरुंगाचे जंगल सुमारे ४५० चौरस किलोमीटर आणि ब्विंडीचे सुमारे ३३०. दोन्ही मिळून आपल्या ताडोबाच्या गाभा क्षेत्राहून थोडे मोठे, आणि मध्ये शेतीचा पट्टा असल्याने एकमेकांपासून तुटलेले. कारिसोकेच्या परिसरात कळप दाटले तसे त्यांच्यातले सामने वाढले आणि त्यांत पिल्लांचा बळी जाऊ लागला. रवांडाने ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान सुमारे २३ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरवले आहे. मात्र ती जमीन बटाट्याच्या शेतांची आहे आणि तिथली कुटुंबे हलवावी लागणार आहेत. बाट्वांबाबत जे झाले ते पाहता, या वेळी त्या कुटुंबांना काय मिळते याकडे मी लक्ष ठेवून आहे.

तुमच्या लेकीला सांगा, कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. जगभरच्या संग्रहालयांतले जवळजवळ सगळे गोरिला मैसूरच्या जोडीसारखे पश्चिमी सखल प्रदेशातले आहेत. पर्वतीय गोरिलांपैकी माणसांच्या सांभाळात आहेत ती केवळ पोरकी झालेली मोजकी जनावरे, विरुंगा उद्यानातील रुमांगाबो येथील सेन्क्वेक्वे अनाथालयात. तिथली न्दाकासी २००७ मध्ये मारल्या गेलेल्या आईच्या अंगाला चिकटलेली सापडली होती, तेव्हा ती दोन महिन्यांची होती. सप्टेंबर २०२१ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिला वाढवणाऱ्या रक्षकाच्या कुशीतच तिने प्राण सोडला.