मदत हवी आहे: २८ फुटी स्लूपसाठी वादळी शीड कोणतं?

उधाणवारा
बोट २८ फुटी मास्टहेड स्लूप (एकच डोलकाठी, पुढे-मागे एकेक शीड, पुढची तार डोलकाठीच्या टोकापर्यंत), वजन साडेतीन टन, मुंबईत असते. पावसाळा सरला की गोव्यापर्यंत जायचं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत यायचं, दोघांतच. मापं मीटरमध्ये: आय (डेकपासून पुढच्या तारेच्या वरच्या टोकापर्यंतची उंची) १०, जे (डोलकाठीपासून त्या तारेच्या पायापर्यंत) ३.२, पी (मेनसेलची, म्हणजे मागच्या मुख्य शिडाची, उभी कड) ८.६, ई (त्याची खालची कड) २.९. पुढे फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) १३५ टक्के जेनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड), मेनसेलला दोन रीफ (शीड दुमडून लहान करायच्या ओळी). वारा २५ नॉटच्या वर असताना जेनोआ गुंडाळत आणला की त्याची पोतडी होते. बोट नुसती कलते, वाऱ्याकडे चढत नाही.
समोर तीन पर्याय आहेत. गुंडाळलेल्या जेनोआवरून चढवायचं खोळीचं स्टॉर्म जिब (वादळातलं छोटं पुढचं शीड), काढता-घालता येणारा आतला फोरस्टे (पुढच्या तारेमागची दुसरी तार) आणि त्यावर हँकचं (तारेला अडकवायच्या कड्यांचं) जिब, किंवा ट्रायसेल (मेनसेलऐवजी लावायचं छोटं वादळी शीड). सगळं परवडणार नाही. आधी काय घेऊ?

दर्यावर्दी
ट्रायसेल आत्ताच यादीतून काढा. त्याला डोलकाठीवर वेगळा ट्रॅक लागतो, बूम (मेनसेलच्या तळाची आडवी काठी) खाली बांधून ठेवावा लागतो, आणि हे सगळं दोन माणसांनी हलत्या डेकवर करायचं. त्यापेक्षा आहे त्याच मेनसेलला तिसरा रीफ घालून घ्या, खर्च बराच कमी. मात्र तो खोल हवा. शिवणारे बहुतेकदा पहिल्या दोन रीफच्याच अंतरावर तिसरा टाकतात, तो वादळात उपयोगाचा नाही. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या ऑफशोअर (खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या) नियमांत ट्रायसेलऐवजी रीफ चालवायचा तर लफ (शिडाची पुढची उभी कड) किमान ४० टक्के कमी व्हावा लागतो. तुमच्या ८.६ मीटरमधून ३.४५ गेले पाहिजेत, ५.१५ उरले पाहिजेत.
क्लूच्या (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याच्या) रिंगमधून बूमभोवती एक जादा दोरी आवळून बांधा. मुख्य रीफलाइन घासून तुटली तर सगळा भार मधल्या रीफ-दोऱ्यांवर येतो आणि शीड त्या ओळीत सरळ फाटत जातं.

नाळेवरचा
सहमत. पुढच्या शिडाचं म्हणाल तर आतला फोरस्टेच. जेनोआ गुंडाळताना मधला फुगवटा तसाच राहतो आणि जोर वर-पुढे सरकतो, म्हणून ती पोतडी. शिवाय फर्लिंगची दोरी तुटली तर ३५ नॉटमध्ये आख्खं शीड उघडतं. खोळीचं जिब कागदावर स्वस्त दिसतं, पण ऐन वाऱ्यात नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसून जाड गुंडाळीभोवती ती खोळ लपेटायची कोणी? वर चढवताना ती अडकतेही.
पण खर्च नुसता तारेचा धरू नका. डेकवर नुसता पॅडआय (बोल्टने बसवायचं कडं) बसवला तर डेकच वर उचललं जातं. त्याखालून नांगरकप्प्याच्या बल्कहेडला (आडव्या भिंतीला) किंवा थेट सांगाड्याला रॉड ओढून घ्या. वरचं टोक मास्टहेडच्या जवळ ठेवा. खाली आणलंत की रनर (डोलकाठी मागे ओढणाऱ्या तारा) लावावे लागतात आणि टॅक करताना (वारा दुसऱ्या बाजूला घेताना) दरवेळी ते बदलत बसायचं. डायनीमाचा (मजबूत कृत्रिम दोरीचा) स्टे करणार असाल तर कापडी हँक घ्या, पितळी हँक त्याला घासून खातात.

उधाणवारा
पटलं. मग माप? नियमाने आयच्या वर्गाच्या ५ टक्के म्हणजे ५ चौरस मीटर येतात.

दर्यावर्दी
ती कमाल मर्यादा आहे आणि ती खऱ्या वादळासाठी. या किनाऱ्यावर ५ चौरस मीटरचं शीड पिशवीतच राहील. तुम्हाला छळणार आहे ती परतीची दुपारची वायव्य आणि तिच्या आखूड, उभ्या लाटा. तिथे इतक्याशा जिबवर बोट प्रत्येक लाटेला थबकते. साडेसात-आठ चौरस मीटर घ्या आणि त्याला एक रीफ टाकून ५ वर उतरेल असं करा.

नाळेवरचा
रीफवर माझा आक्षेप आहे. गुंडाळलेल्या कापडात पाणी साठतं आणि एका लाटेत ते ओझं फाडतं. ठेवायचाच असेल तर शिडाची खालची कड उंच कापून घ्या, रीफ धक्क्यावरच एकदा बांधून बघा.
कापड ८ औंस डेक्रॉन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. शिवण तिहेरी, रंग भडक नारिंगी. टॅकखाली (शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याखाली) ५०-६० सेंटिमीटरची दोरी द्या, म्हणजे लाट शिडाखालून जाते. शीट (शीड ओढायच्या दोऱ्या) क्लूला बोलाइनच्या गाठीने बांधलेल्याच ठेवा, शॅकल (लोखंडी कडी) नको. फडफडणाऱ्या क्लूला लोखंड असलं तर थोबाड फुटतं.

दर्यावर्दी
रीफचा मुद्दा मान्य. तरी दोन वेगळी शिडं घेण्यापेक्षा परवडेल.
ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सह्याद्रीवर काळं उठलं की हँक तेव्हाच लावून शीड डेकला बांधून टाका. जमिनीवरून येणारा तो झोत दहा मिनिटांत पोचतो. आणि परतीला पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) धरून निघा, दुपारी वायव्य चढायच्या आत विजयदुर्ग नाहीतर देवगड गाठा.

उधाणवारा
ठरलं तर. तिसरा रीफ आणि आतला फोरस्टे आधी, ८ चौरस मीटरचं रीफवालं जिब त्यावर. शीटचा ब्लॉक कुठे बसवू?

नाळेवरचा
आत्ता ड्रिल लावू नका. शीड आलं की वारा नसताना धक्क्यावर चढवा आणि शीट हाताने धरून बघा. शीटची रेघ क्लूमधून पुढे वाढवली की लफच्या मध्याच्या जरा खाली भिडायला हवी. रीफ घेतल्यावर ती जागा बदलते, म्हणून दोन्ही खुणा डेकवर रंगाने करा आणि मगच भोकं पाडा.