जुना बंब: दुरुस्त करावा की मोडीत घालावा?

गिरगावकर: चाळ पुनर्विकासाला चाललीय. माळ्यावरून पाणी तापवायचा बंब उतरवला आणि घरात दोन तट पडले. भाऊ म्हणतो, तांब्याला भाव आहे, मोडीत घाल. मला ते अजिबात पटत नाही. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही. बुडाशी चिंचेने घासला तर लालसर निघाला, म्हणजे अंग तांब्याचंच. तोटी पितळी, निखाऱ्यांखालची जाळी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. जाळी मोडलीय आणि मधल्या, जाळाच्या नळीच्या सांध्यातून पाणी झिरपतं. एवढ्यासाठी मोडीत?

चाळकरीण: दादा, दुरुस्त करून पेटवणार कुठे, विसाव्या मजल्यावर? कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. बंद न्हाणीघरात माणसं जातात. बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्याही सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर न्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं होतं.

गिरगावकर: टॉवरमध्ये नाहीच पेटवणार, ताई. गावी नेतोय. मागीलदारी, उघड्यावर.

तांबटाचा नातू: हा बंब कधीतरी कोरडा पेटलाय. कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी असेतोवर पत्रा तेवढा तापतच नाही; पाणी संपून जाळ चालू राहिला की कल्हई उतरते, सांध्याचा डाग, म्हणजे कथलाची जोडणी, सुटतो. एपॉक्सीचं लुकण लावू नका, आगीच्या नळीवर ते जळून जातं. आधी पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी नळीत टॉर्च मारा. थेंब एकाच जागी दिसला तर नव्याने डाग देऊन भागेल. पत्राच चाळणीसारखा झाला असेल तर नळी बदलावी लागेल, आणि तो खर्च मोठा.

चाळकरीण: तरी माझा विरोध आहे. पहाटे उठून बंब पेटवायचा कुणी? आमच्याकडे आई आणि काकूच फुंकायच्या, डोळे चोळत. गावी सोलर बसवा, बंब घासूनपुसून ओसरीवर ठेवा.

गिरगावकर: पेटवणं माझ्याकडे, हे घरात सांगून टाकलंय. पण नुसता शोभेला ठेवणार नाही. धड वस्तू निकामी करून मांडायची, हे मला बघवत नाही.

तांबटाचा नातू: मग जाळीची जागा नीट मापून घ्या. बिडाची मिळाली नाही तर जाड सळ्यांची वेल्डिंग करून घ्या, फटी मात्र बुजवू नका. खालून हवा आली नाही की धूर होतो. राख रोज काढा, आणि पाणी भरल्याशिवाय काडी लावू नका.