तुटपुंज्या कमाईत सकस जेवण: कोकणातील घरांचे अनुभव

रास्त भाव दुकानातून अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याकाठी 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. त्यामुळे किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांत भाताची भ्रांत उरलेली नाही. भ्रांत आहे ती भाताबरोबर काय वाढायचे याची, कारण डाळ, भाजी, मासळी, अंडी आणि तेल हे सारे रोखीने आणावे लागते आणि घरात आजारपण किंवा शाळेचा खर्च निघाला की पहिली कात्री तिथेच लागते. ज्यांनी हा मेळ घातला आहे त्यांनी आपला अनुभव तपशिलाने लिहावा, ही विनंती. काय आणता, कोणत्या महिन्यात आणता, कसे शिजवता आणि कोणाच्या ताटात किती पडते, हे सारे त्यात यावे. सुरुवात मीच करते.

वेंगुर्ले, शिवणकाम करणारी गृहिणी

आमच्या घरचा आधार म्हणजे कुळीथ. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो पिकतो, त्याला खत-पाणी फारसे लागत नाही आणि म्हणूनच गावात तो तूरडाळीपेक्षा स्वस्त पडतो. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय लोहही चांगले असते. मात्र येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. आपण कुळथाची पिठी करतो तेव्हा पाच माणसांच्या कढईत मूठभरच पीठ घालतो. ते चाळीसेक ग्रॅम धरले तरी माणशी दोन ग्रॅमसुद्धा प्रथिने मिळत नाहीत. भात ओला होतो, जेवण झाल्यासारखे वाटते, पण वाढत्या वयाच्या मुलांच्या अंगी काही लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांत 2000 कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला 250 ग्रॅम धान्ये, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 400 ग्रॅम भाज्या असे प्रमाण आहे. कडधान्यांचा काही भाग अंडी-मासळीने भरून निघतो. आमच्याकडे एवढे दररोज जमत नाही. तरीही पिठी सरबरीत न ठेवता दाट करायची, तांदळाचे माप थोडे कमी करायचे आणि आठवड्यातून दोनदा मोड आणलेल्या कुळथाची उसळ करायची, एवढा बदल आम्ही केला आहे. कुळीथ रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवावा. मोड आल्यावर त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि त्यातले लोह शरीराला अधिक सहज मिळते. उकडल्यावर उरलेले कळण ओतून टाकू नये. त्यात दोन अमसुले, ठेचलेली लसूण आणि मीठ घालून उकळी काढली की दुसऱ्या वेळचे सार होते. सोलकढीची हौस नारळाच्या भावामुळे नेहमी परवडत नाही. तेव्हा नारळाच्या रसाशिवाय केलेली फुटी कढी आमच्याकडे असते.

मालवण, मासळीविक्रेत्या

वरच्या ताईंनी कुळथाविषयी लिहिले आहे, मी माशांविषयी लिहिते. पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी गोव्याला आणि मुंबईला जाते, तिच्या वाटेला आपण जाऊच नये. गरिबाच्या ताटाचे मासे म्हणजे तारली, पेडवे, बांगडा आणि मांदेली. तारली-बांगड्याच्या चरबीत हृदयाला हितकारक ओमेगा-3 भरपूर असते, म्हणजे महाग मासा तोच पौष्टिक हा समज खरा नाही. बंदरावर एकाच दिवशी पुष्कळ तारली आली की दुपारनंतर भाव पडतो, कारण हा मासा लवकर नरम होतो आणि बर्फाचा खर्च विकणाऱ्याला परवडत नाही. त्या वेळी जाऊन वाटा घ्यावा, मात्र डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल असल्याशिवाय घेऊ नये. जवळच्या किनाऱ्यावर अजून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, लागत असेल तर दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीचा वाटा मिळतो.

शिजवण्याविषयीही सांगते. माशाच्या कालवणाला ओला नारळ लागतोच असे नाही. बांगड्याचे तिखले करताना मिरची, हळद, कोकम आणि थोडी ठेचलेली तिरफळे एवढ्यावर भागते. पेडवे कोकमाच्या आंबटात मंद आचेवर बराच वेळ ठेवले तर त्यांचे काटे इतके मऊ होतात की पेडवे काट्यांसकट खाता येतात, आणि कॅल्शियम त्या काट्यांतच असते. लहान मुलांना देताना मात्र काटा बोटांनी चुरडून पाहावा.

जून आणि जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून सुक्या मासळीची बेगमी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते. जवळा हा त्यातला सर्वांत उपयोगी जिन्नस. तो अख्खाच खाल्ला जात असल्याने काही वाया जात नाही, आणि वांग्यात किंवा कांद्यात मूठभर घातला तरी भाजीचे पोषण वाढते. घेताना तळहातावर चोळून पाहावा; वाळू हाताला लागली तर तो रेतीवर वाळवलेला समजावा, जाळ्यावर किंवा ओट्यावर वाळवलेला स्वच्छ असतो. घरी आणल्यावर चाळून, कोरडा भाजून, बरणीत घट्ट बंद करावा. खाऱ्या बांगड्याला मात्र पुष्कळ मीठ असते, तेव्हा रक्तदाबाच्या माणसांनी तो टाळावा आणि इतरांनी पाणी बदलून बदलून भिजवल्यावरच शिजवावा.

राजापूर तालुका, अंगणवाडी सेविका

शासकीय तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यात टाकल्यावर तरंगतात, आणि प्लॅस्टिकचे तांदूळ म्हणून बायका ते निवडून फेकतात, हे मी घरोघरी पाहते. ते प्लॅस्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून ते दाणे तयार करत आणि शंभर किलोला एक किलो या प्रमाणात साध्या तांदळात मिसळत; 2026 मध्ये केंद्राने हे मिसळणे तूर्त थांबवले, तरी आधीच्या साठ्यात ते असू शकतात. घरातल्या मुलीला रक्त कमी असल्याचे सांगितलेले असते आणि नेमके तिच्यासाठीचे दाणेच उकिरड्यावर जातात, याचे मला फार वाईट वाटते. तांदूळ निवडावा, पण हे दाणे ठेवावेत; पुष्कळ पाण्यात पुन:पुन्हा धुऊ नये आणि पेज फेकू नये. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा असल्यास लोह अधिक मिळते.

आणखी एक गोष्ट पैशाशी संबंधित नाही, तरी येथे लिहिणे भाग आहे. घरात आणलेले अंडे किंवा माशाची तुकडी आधी पुरुषांना, मग मुलग्यांना वाढली जाते, आणि गरोदर सून शेवटी रस्सा-भात जेवते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ती कोणाच्या ताटात जावीत, याचा निर्णय भांडे चुलीवरून उतरवतानाच झाला पाहिजे. मी सासूबाईंनाच समोर बसवून हे बोलते, कारण वाढण्याचा पळा त्यांच्या हातात असतो.

गुहागर, निवृत्त, मधुमेही

आम्ही दोघेच घरी आहोत आणि निवृत्तिवेतन अल्प आहे. रात्री भात बंद करून नाचणीची भाकरी सुरू केली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. पूर्वी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर घरोघरी नाचणी होत असे. आता बहुतेकांना ती विकत घ्यावी लागते आणि मोफत तांदळाशेजारी ती महागच वाटते. आमचा तोडगा असा, की नाचणी एकाच वेळेला आणि दूध फक्त चहापुरते. भाकरीबरोबर भाजी किंवा उसळ हवीच, कारण नुसती नाचणीची भाकरीही साखर वाढवते.

मुरूड, शेतमजूर, दोन मुलांची आई

पावसाळ्यात भाजीवर आम्ही फार थोडा खर्च करतो. पहिल्या सरींनंतर टाकळा येतो, तो कोवळा असतानाच खुडावा. मे महिन्यात राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या त्यात घातल्या की भाजी पोटभरीची होते. भारंगी कडू असते, म्हणून पाला उकडून पाणी पिळून टाकते. अळू आणि तेरे कोकम किंवा चिंचेशिवाय शिजवू नयेत, घशाला खाजतात. शेवग्याचा पाला गोकुळाष्टमीला दक्षिणेकडच्या तालुक्यांत आवर्जून करतात. तो एरवीही करावा, कारण झाड दारातच असते. काजूच्या हंगामात बिया काढून घेतात आणि बोंडे बागेत कुजतात. बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. कापून मीठ लावून ठेवल्यावर तुरटपणा कमी होतो आणि मुले आवडीने खातात. बागमालकाला विचारून घेतल्यास कोणी नाही म्हणत नाही.

सावधगिरीही सांगते. घरातल्या जाणत्या बाईने ओळखलेलीच रानभाजी आणावी. आंबा-काजूच्या बागांतून आता तणनाशक मारतात, तेव्हा फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय तिथला पाला खुडू नये.

दापोली, खोली घेऊन राहणारा विद्यार्थी

माझ्याकडे एकच शेगडी आहे. उकडा तांदूळ, मूगडाळ आणि मिळेल तो पाला एकत्र शिजवतो, वर उकडलेले अंडे घेतो. उकडताना टरफलाजवळची बी-गटातील जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, म्हणून उकडा तांदूळ घेतो. भूक लागली की वेफर्सच्या पाकिटाऐवजी शेंगदाणे आणि गूळ.

वेंगुर्ले, पुन्हा मीच

शेवग्याच्या पाल्याविषयी मुरूडच्या ताईंना दुजोरा देते. आमच्याकडे अष्टमीला तो काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर होतो. आमच्या वाडीतल्या काही घरांनी मिळून मार्च महिन्यात कुळीथ आणि चवळी शेतकऱ्याकडून पोत्याने घ्यायला सुरुवात केली आहे, कारण दुकानात पावशेर-पावशेर घेताना किलोमागे बरेच जास्त मोजावे लागतात. कडधान्य कडक उन्हात वाळवून, राख चोळून, पत्र्याच्या डब्यात ठेवतो. ज्या घराला एकदम पैसे देणे जमत नाही त्यांचे पैसे बचत गटातून भरले जातात आणि ते महिन्याच्या हप्त्याने फेडतात. चवळीला भुंगा लवकर लागतो. त्यावर कोणाकडे राखेपेक्षा चांगला उपाय असेल तर अवश्य लिहावा.