आठवीच्या मुलीला समीकरणं शिकवायची आहेत, पुस्तक सुचवा (बजेट ५००)

वर्षा_सातारा: नमस्कार. मुलगी आठवीत, मराठी माध्यम. ३क्ष + ७ = २२ बरोबर सोडवते, पण ४क्ष = १२ दिलं की क्ष = १२ − ४ = ८ लिहिते. विचारलं तर म्हणते, "४ पलीकडे गेला, म्हणून वजा." ५०० रुपयांच्या आत पुस्तक किंवा सरावसंच सांगा. घरीच शिकवणार आहे, क्लास नको.

मंदार७९: क्लासच लावा. आम्ही मुलाला टॅबसकट ऑनलाइन कोर्स घेतला, ३८ हजार. नववीला बीजगणितात ४० पैकी ३७! पाया पक्का करायचा तर पैशाकडे बघू नये.

गौरी_के: मंदारदादा, त्यांचं बजेट ५०० आहे. आम्हीही असाच कोर्स घेतला होता. पोरगी व्हिडिओ बघायची, वहीत एक ओळ नाही. पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले.

गणिताचे_सर: वर्षाताई, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य सध्या बंद करा. ४क्ष म्हणजे ४ गुणिले क्ष, म्हणून दोन्ही बाजूंना ४ ने भागायचं. प्रत्येक ओळीशेजारी काय केलं ते तिला शब्दांत लिहू द्या: "दोन्ही बाजूंतून ७ वजा केले". शेवटी ताळा. ४ × ८ = ३२ येतात, १२ नाही, हे तिचं तिलाच दिसेल. मग १० − (क्ष − २) = ७ द्या. उत्तर ५. क्ष = १ आलं तर कंसातल्या २ चं चिन्ह बदललेलं नाही. पुस्तक विकत कशाला? सहावीचा समीकरणांचा धडा आधी करून घ्या, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.

अभिजित_पुणे: पक्षांतरात, म्हणजे संख्या चिन्ह बदलून पलीकडे नेण्यात, वाईट काय आहे सर? आमची अख्खी पिढी त्यावर दहावी झाली. पेपरात एवढं लिहीत बसायला वेळ कुठे असतो?

गणिताचे_सर: पक्षांतर चूक नाही. कारण समजल्यावर खुशाल करा. कारण माहीत नसलेलं मूल गुणकालाही वजा करतं, इथे तेच झालंय.

शुभदा_नाशिक: वैदिक गणित लावा. माझी भाची पटापट सोडवते.

अभिजित_पुणे: त्यानं गुणाकार वेगात होईल, समीकरण कसं समजेल?

बीजप्रेमी: भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' लिहिलं. त्यात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत, म्हणजे काळा, निळा असे रंगसुद्धा! मुलीला क्षची भीती वाटत असेल तर तिच्या आवडीचं अक्षर घेऊ द्या.

शुभदा_नाशिक: भीती नाहीच आहे, सराव कमी पडतोय.

किरण_ठाणे: कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, उत्तर मूळ समीकरणात घालून बघायची सवय लावा.

गौरी_के: सरांनी तेच लिहिलंय वर.

वर्षा_सातारा: सगळ्यांचे आभार. घटक चाचणी पुढच्या आठवड्यात आहे आणि शाळेत बाई पक्षांतरच करून घेतात, तेव्हा आता पद्धत बदलत नाही. अकरावी सायन्सची भाची रोज संध्याकाळी येऊन शिकवणार आहे. ताळा मात्र प्रत्येक गणिताखाली लिहून घेईन. पुस्तक घेतलं नाही, ४५० ला भिंतीवरचा पांढरा फळा घेतला.

मंदार७९: चाचणी झाली की कोर्सचा विचार करा, ओळखीत सवलत मिळवून देतो.

किरण_ठाणे: फळा केवढा आहे? पेनाचे डाग नीट पुसले जातात का?