हुप्प्या धरून नेला तर वानरांची टोळी शिवार सोडेल का?

गोदाकाठ: आमच्या ग्रामसभेत ठराव आलाय: वनखात्याला सांगून हुप्प्या, म्हणजे टोळीतला मोठा नर, धरायचा आणि लांब सोडायचा, म्हणजे टोळी आपोआप हटेल. माझा विरोध आहे. वानरांच्या टोळीचा कणा वानरी असतात. आई, लेकी, मावश्या बहुधा जन्मभर एकाच टोळीत राहतात. नर वयात आला की बाहेर पडतो. हुप्प्या म्हणजे काही वर्षांचा धनी. आमच्या बांधावरच्या चिंचेखाली हे कायम दिसतं. तो उतरतो, चार पावलं जाऊन मागं बघतो. पिल्लं पोटाशी धरून बसलेल्या वानरी हलल्या नाहीत की परत येऊन बसतो. केनियातल्या म्पाला इथं २५ बबूनांच्या (आफ्रिकेतली मोठी माकडं) गळ्यात जीपीएस पट्टे बांधून दर सेकंदाची नोंद घेतली होती. अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. जिकडं जास्त जण निघाले तिकडं टोळी वळली, मोठ्या नराला त्यात वेगळा मान नव्हता.

बालाघाटकर: भाऊ, अर्धंच सांगितलं. नामिबियातला २००८ चा अभ्यासही बबूनांचाच आहे. संशोधकांनी मुद्दाम खाणं ठेवलं, मोठा नर तिकडं निघाला आणि टोळी त्याच्या मागं गेली. कित्येकांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, तरी गेली. म्हणजे पुढारी असतोच. तूर शेंगात आली की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आम्ही राखण करतो. काहीतरी करावंच लागेल.

गोदाकाठ: त्याच अभ्यासात मागं जाणारे कोण होते तेही वाचा: ज्यांचं त्या नराशी सख्य होतं, ते. हुप्प्या नेला तर तेवढंच सख्य तुटेल, वानरींची आपसातली माया तशीच राहील. दुसरा नर येईल, बऱ्याचदा तो तान्ही पिल्लं मारतो. टोळी मात्र त्याच शिवारात.

मांजराकाठची: दोघंही बबूनांचे दाखले देताय. त्यांच्या टोळीत अनेक नर असतात, आपल्याकडं वानरांच्या टोळीत बहुधा एकच. तरी मला गोदाकाठदादांचं पटतं. राखणदार हुप्प्यावर नजर ठेवतात. जाणत्या वानरी कुठल्या झाडावरून रानात उतरतात ते बघा आणि तिथं उभे राहा. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळ्यात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. तशी जागा, फळझाडं लावून, आपणही देऊ शकतो.

बालाघाटकर: ताई, उपळ्यात जमीन होती. आमच्याकडं गायरानसुद्धा उरलं नाही. राखणीची जागा बदलून बघतो, पण ग्रामसभेत माझा हात ठरावाच्याच बाजूनं वर जाईल.