लाल भोपळा, रताळी, गाजर एकत्र शिजवलं की गोडमिट्ट लगदा होतो, काय चुकतंय?

सहाजणांचं_घर
नमस्कार मंडळी, हवा जरा गार व्हायला लागली की लाल भोपळा, रताळी, गाजरं, फ्लॉवर सगळं एकदम छान मिळायला लागतं आणि मी भरभरून आणते. घरात आम्ही सहाजण, सासूबाई-सासऱ्यांना मऊ हवं, मुलांना मऊ अजिबात चालत नाही आणि रोज तीन तीन प्रकार करायला मला वेळ नसतो, म्हणून एका मोठ्या पातेल्यात सगळ्या फोडी, टोमॅटो, पाणी घालून झाकण ठेवून देते. पण भोपळा विरघळून जातो, गाजर मात्र कचकचीत, चव नुसती गोड, आणि जेवून दोन तासांत मुलं परत भूक लागली म्हणतात. एकच भांडं पण सगळ्यांचं पोट भरेल असं काही जमतं का कुणाला?

खरपूस_कडा
जमतं की ताई! फक्त सगळं एकदम टाकू नका. मी भोपळा, गाजर आणि कांदा आधी ओव्हनमध्ये भाजून घेते, २०० डिग्रीला साधारण ३५-४० मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. गाजर बारीक चिरा, भोपळ्याच्या फोडी त्याच्या दुप्पट मोठ्या ठेवा म्हणजे दोन्ही बरोबरच होतात. आणि ट्रेमध्ये गर्दी नको, हे खूप महत्त्वाचं आहे, फोडी एकमेकींवर चढल्या की त्यांच्याच वाफेवर उकडतात आणि तांबूस कडा येतच नाहीत. त्या कडांनीच गोडपणाला खमंगपणाची जोड मिळते. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी कढईत थोड्या थोड्या परता. मग त्यातल्या निम्म्या फोडी घोटून रस्सा दाट करायचा आणि निम्म्या अख्ख्या ठेवायच्या, आजी-आजोबांच्या ताटात दाट रस्सा जास्त, मुलांच्या ताटात फोडी जास्त. आमच्याकडे हे हमखास संपतं.

डाळ_भिजत_घातली
गाजर कचकचीत राहण्यात टोमॅटोचाही हात असणार. आंबट पदार्थ सुरुवातीला पडला की भाज्या लवकर मऊ होत नाहीत, कडधान्याचंही तेच. टोमॅटो बाकीचं शिजल्यावरच घाला आणि शेवटी गॅस बंद करून लिंबू पिळा, गोडमिट्टपणा तिथेच कमी होतो. आता भुकेचं, तुमच्या पातेल्यात प्रोटीन काहीच दिसत नाहीये!! रात्री छोले भिजवून सकाळी शिजवून ठेवा आणि सहाजणांना तीन वाट्या तरी शिजलेले छोले रश्श्यात घाला, किंवा मसूर घाला, तो भिजवायचीही गरज नाही. राजमा घेणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात आधी निदान १० मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा, नुसत्या मंद आचेवर कधीच नाही, अर्धाकच्चा राजमा पोटाला फार त्रास देतो. वरून दोन चमचे तेल किंवा बटर घालायला संकोच करू नका, गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच.

रताळेप्रेमी
वरचं सगळं पटलं, फक्त रताळ्याचं सांगतो. ते मंद आचेवर हळूहळू तापलं की त्यातल्या पिठूळपणाची साखर होत जाते, म्हणून तुमच्या झाकलेल्या पातेल्यात ते इतकं गोड लागतं. गोड नको असेल तर लहान फोडी करून उकळत्या रश्श्यात टाका, पटकन शिजतात. फ्लॉवरचे तुरे आणि कोबी अगदी शेवटच्या ७-८ मिनिटांत, जास्त शिजले की तो उग्र वास घरभर बसतो आणि मग मुलं ताटाजवळ पण येत नाहीत.

सहाजणांचं_घर
केलं काल!! भोपळा-गाजर भाजून, मसूर घालून, टोमॅटो नंतर, लिंबू वरून. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं आणि धाकट्याने चक्क गाजर खाल्लं, खरंच मनापासून आभार. थोडं उरलंय, उद्या चालेल ना?

खरपूस_कडा
वा, मस्तच वाटलं वाचून! गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर चालेल, खाताना चांगलं उकळून घ्या. मसूर पाणी ओढून घेतो त्यामुळे अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि लिंबू परत थोडं पिळा.