प्लॅनेट झू : भारतीय माळरानाचा संच मागायचा झाला तर त्यात कोण कोण हवं?

माळावरचा_सोलापूर
नमस्कार मंडळी. प्लॅनेट झू हा प्राणिसंग्रहालय उभारायचा आणि चालवायचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचा.

नव्या प्राण्यांच्या याद्या मी आवडीने वाचतो, पण त्यात भारताचा विषय निघाला की नजर सरळ जंगलाकडे जाते. खेळातही तसंच झालंय. नोव्हेंबर २०१९ ला खेळ आला तेव्हाच पट्टेरी वाघ, हत्ती, एकशिंगी गेंडा, मोर, सुसर होते. पुढे वेगळ्या विकत मिळणाऱ्या प्राणीसंचांतून रानकुत्रा आला, अस्वल आलं. सगळे मला आवडतात. पण मी उत्तर सोलापूरचा, नान्नजच्या बाजूचा. माझ्या डोळ्यांपुढे जो भारत येतो त्यात झाडी कमीच. कुसळी गवत, मधेच एखादा हिवर, बोराटीची झुडपं, मुरमाड जमीन आणि सगळीकडून दिसणारं आभाळ. त्या जमिनीवरचा म्हणावा असा एक तरस तेवढा खेळात आलाय.

म्हणून माझी मागणी सुट्या प्राण्यांची नाही, अख्ख्या माळाची आहे. काळवीट मुद्दाम धरलेला नाही. तो सगळ्यांना ठाऊक आहे, मला ज्यांचं नाव कुणी घेत नाही ते हवेत.

पहिला माळढोक. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते याच पक्ष्यासाठी. नर १५ किलोपर्यंत भरतो, उभा राहिला की मीटरभर उंच. विणीच्या दिवसांत तो गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत सोडतो, शेपटी पाठीवर उलटी घेतो आणि घुमतो. ते घुमणं दूरपर्यंत ऐकू जातं. आता विचार करा, खेळात सकाळची वेळ आहे, प्रेक्षक कुंपणाशी थांबलेत आणि गवतातून तो आवाज येतोय! मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे खेळात त्याची पैदास अवघड असायला हवी. लाजाळू प्राण्याला प्रेक्षकांचा ताण येतो ही सोय खेळात आहेच. माळढोकाला ती कडक लावा, एकतर्फी काच आणि लांबचा मचाण यांच्याशिवाय तो सुखात राहता कामा नये.

दुसरा लांडगा, आपला. खेळातला टिंबर लांडगा उत्तर अमेरिकेतला, दाट केसांचा, अंगाने भरलेला. आपला सडपातळ, लांब पायांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा. टोळी लहान. धनगरांचा वाडा जिकडे सरकेल तिकडे मागावर जाणारा. मला खेळात त्याची उन्हाळी चाल हवी आहे, मान खाली घालून तासन्तास दुडकत जाण्याची.

मग खोकड आणि चिंकारा. खोकडाला बिळं द्या, दुसरं काही मागणार नाही. चिंकाऱ्याला पाणी कमी आणि मोकळी जागा भरपूर.

तुमच्या यादीत काय आहे? आणि या प्राण्यांना जमीन कशी द्यावी, गवत, माती, खडक यांचं प्रमाण काय, तेही लिहा.

सांगाडा_पुणे
मी गेम अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, या खेळाशी संबंध नाही, पण कामाची पद्धत सगळीकडे तीच. नवा प्राणी करताना सर्वांत महाग पडतो तो आतला सांगाडा, ज्याला आम्ही रिग म्हणतो, आणि त्यावरच्या हालचाली. हातात असलेल्या सांगाड्यावर बसणारा प्राणी स्वस्तात होतो. तुमचा चिंकारा थॉम्सनच्या गॅझेलवर बसेल. लांडग्याला टिंबर लांडगा आहे, नुसती फर उतरवून अंगाची मापं बदलावी लागतील. खोकडाला लाल कोल्हा आहे. माळढोकाचं मात्र सगळं नव्याने करावं लागेल, गळ्याची पिशवी तर फारच वेळखाऊ.

म्हणून मागताना हिशेबाने मागा. मोठ्या प्राणीसंचात सात प्राणी मोकळ्या आवाराचे आणि एक काचपेटीतला, असा साचा ठरलेला दिसतो. तीन स्वस्त आणि एक महाग असा तुमचा चौकडा चांगला जमलाय. अजून तीन आवाराचे आणि एक पेटीतला शोधा.

गिरनार_वाचक
पेटीतला मी देतो. सारडा सुपर्बा, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा सरडा. २०१६ साली त्याचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालं. नर गळ्याखालचा पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम दिसतात. दगडावर चढून एकमेकांना पंखे दाखवणं हाच त्यांचा दिवस. पेटीत याहून देखणं काय ठेवणार?

माझी दुसरी मागणी गीरचा सिंह. खेळात पश्चिम आफ्रिकी सिंह आहे. आयाळ विरळ असल्याने कान दिसणं, पोटाखाली कातडीची लांब घडी, हे गीरच्या सिंहाचं रूप वेगळं आहे.

प्राणिशास्त्र_नागपूर
सिंहाबद्दल एक गमतीची गोष्ट. २०१७ साली मार्जारकुळाच्या तज्ज्ञ गटाने वर्गीकरण नव्याने मांडलं, त्यात पश्चिम व मध्य आफ्रिकेतले सिंह आणि आशियाई सिंह एकाच उपजातीत धरलेत. म्हणजे कागदावर गीरचा सिंह खेळातल्या सिंहाचा भाऊबंदच. तरी मी मागणीच्या बाजूने आहे, कारण वेगळं. पंजाबातल्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांशी आशियाई सिंहांचा संकर झाला आणि शेवटी तिथली पैदास थांबवावी लागली. वंशावळ सांभाळणं किती नाजूक काम आहे ते यातून कळतं. खेळात जनुकांचे आकडे आहेत, जवळच्या नात्यात पैदास केली की प्रतिकारशक्ती आणि प्रजननक्षमता घसरते. दोन्ही सिंह बाजारात असले आणि संकर झाल्यावर संवर्धनाचे गुण मिळाले नाहीत, तर खेळणारा हे सगळं हाताने शिकेल.

माळढोकाला मात्र माझा विरोध आहे. तो प्रेक्षकांना दाखवायचा पक्षीच नाही. प्राणिसंग्रहालयाच्या खेळात त्याला आणणं म्हणजे चुकीचं चित्र उभं करणं.

माळावरचा_सोलापूर
सांगाडा_पुणे, आठचा साचा लक्षात ठेवून यादी पुन्हा लावतो. सरडा तर पक्का, गिरनार_वाचक, मनापासून आभार.

नागपूरकर, तुमचं म्हणणं मी नीट वाचलं. विरोध समजतो, पण पटत नाही. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची पैदास केंद्रं चालतात. २०१९ पासून रानातून आणलेली अंडी उबवून पिल्लं वाढवली गेली, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. तिथे तिकीट काढून आत जायची सोय नाही आणि नसावी. मग खेळातही तो तसाच द्या! आवाराला प्रेक्षकांची वाट जोडता येणार नाही, दानपेटी लावता येणार नाही, कमाई शून्य. फक्त उबवण, पिल्लू वाढवणं आणि रानात सोडणं. प्राणी रानात सोडून गुण मिळवायची सोय खेळात पहिल्यापासून आहे. ज्याला पैसे कमवायचेत तो वाघ ठेवील. माळढोक ठेवणारा तोटा सोसून ठेवील, आणि खऱ्या जगात हे काम करणारी माणसं तेच करतात.

माळढोकाला विजेच्या तारांचा धोका आहे, तोही खेळात यावा. त्याचे डोळे बाजूला असतात, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, झटकन वळता येत नाही. म्हणून तो तारांवर आपटतो. आपल्याकडे या पक्ष्याच्या जिवावर उठलेली ही मोठी गोष्ट आहे. खेळाच्या माहितीफलकावर हे एका वाक्यात आलं तरी परदेशातली पोरं ते वाचतील.

गीरचा सिंह छानच, पण माझ्या संचात नको. तो आला की जाहिरातीच्या चित्रावर तोच बसतो आणि खोकड कोपऱ्यात जातं. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी पाठिंबा देतो.

उरलेल्या तीन जागांपैकी एक चौशिंग्याला देतो. तो खरा पानगळीच्या रानातला, पण माळाच्या कडेला शोभेल. दोन मोकळ्या आहेत.

भीमाशंकर_लेक
दादा, शेकरू माळावरचं नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते. आपला राज्यप्राणी आहे तो, आणि १९८५ चं आमचं भीमाशंकर अभयारण्य त्याच्यासाठीच झालं. खेळात चढायच्या फळ्या आणि दोऱ्या आहेत, पण झाडाच्या शेंड्यावर काटक्या-पानांचं गोल घरटं बांधणारा प्राणी कुठे आहे? एका शेकरूची अशी बरीच घरटी असतात. तुमच्या संचात नको, पण पुढचा धागा घाटातल्या रानाचा काढाल का?

माळावरचा_सोलापूर
ताई, तो धागा तुम्हीच काढा, तुमच्याइतकं मला तिथलं कळणार नाही. पहिलं मत माझं.

बाकीच्यांसाठी : स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे खेळणारे आपली बांधकामं इतरांना देतात त्या जागी, मी माळाचं आवार चढवतोय. लांब गवत जास्त, मग माती, थोडा खडक, झाडं अगदी विरळ. सध्या त्यात गॅझेल आणि मोर फिरतात. तरस शेजारच्या आवारात आहे. हिवरासारखं पसरट झाड खेळातल्या आफ्रिकी बाभळींपैकी कुठलं जवळचं वाटतं ते बघून सांगा, आणि त्या दोन जागांची नावं येऊ द्या.